कोरूस्कला होडीनं की कॅमासूनरीला पायी?

साताऱ्याच्या गोडोलीतली माझी एक मैत्रीण जूनमध्ये लेकीकडे ग्लासगोला निघाली आहे. तिथून तीन दिवस स्काय बेटावर जायचं ठरलंय, आणि त्यातला एक दिवस तिनं एखाद्या आडबाजूच्या, गर्दी नसलेल्या खाडीसाठी राखून ठेवलाय. तिचा प्रश्न एका ओळीचा होता: होडीनं कोरूस्कच्या तळ्याला जाऊ की चालत कॅमासूनरीच्या खाडीला? फोनवर पाऊण तास सांगूनही ते तिच्या नीट लक्षात येईना, म्हणून लिहून काढते. आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या उन्हाळ्यांत दोन्ही करून आलोय. ह्यांचा उजवा गुडघा दुखरा, माझे दोन्ही धड, त्यामुळे दोन्ही बाजू मला घरबसल्या ऐकायला मिळाल्या.

स्काय हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याचं बेट. १९९५ पासून त्याला पूल आहे, ग्लासगोहून गाडीनं पाचेक तासांत थेट पोचता येतं. दक्षिणेला कूलिन नावाची डोंगररांग आहे. तिचं सर्वांत उंच शिखर ९९२ मीटर. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १४३८ मीटर, म्हणजे आकड्यात आपण पुढे. पण आपण सातारहून निघतो तेच मुळी साडेसहाशे-सातशे मीटरवरून. तिथं डोंगराचा पाय समुद्रात असतो, नऊशेच्या नऊशे मीटर डोळ्यांसमोर उभे राहतात. अजिंक्यताऱ्याच्या हिशेबानं त्या डोंगरांकडे बघू नये, हे मला पहिल्याच वळणावर कळलं.

खडक मात्र ओळखीचा वाटतो. काळाच आहे. आपला कातळ म्हणजे पृष्ठभागावर पसरून भरभर थंड झालेला लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कूलिनचा खडक, त्याला गॅब्रो म्हणतात, जवळपास तशाच रसाचा, पण जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला, वय सुमारे सहा कोटी वर्षं. सावकाश थंड झाल्यामुळे त्याचे कण मोठे आणि खरखरीत. बूट त्याला असे धरतात की पावसातही पाय सुटत नाही, पण हात टेकला तर तळव्याची सालं निघतात. मधूनमधून बसाल्टचे, म्हणजे आपल्याच कातळाचे, पट्टे घुसलेत, ते ओले झाले की शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखे. शिवाय हा गॅब्रो चुंबकी आहे, होकायंत्र तिथं भलतीकडे तोंड करतं.

आता दोन जागा. कॅमासूनरी ही रुंद, हिरव्या गवताची खाडी, तिथं चालत जातात. तिच्या पश्चिमेला, एका डोंगराच्या पलीकडे, स्कॅव्हेग नावाची खाडी डोंगरात घुसते, आणि तिच्या टोकाशी कोरूस्क हे गोड्या पाण्याचं तळं आहे. तिथं होडीनं जातात. नकाशावर दोन्हींमध्ये बोटाच्या पेराएवढं अंतर दिसतं. त्या पेरावरच लोक फसतात, ते पुढे सांगते.

दोन्हीकडे जायचा रस्ता एकच: ब्रॉडफर्डहून एल्गोलपर्यंत, सुमारे तेवीस किलोमीटर, एका गाडीपुरता. आपलं लायसन्स तिथं बारा महिने चालतं आणि गाड्याही डावीकडूनच, तेव्हा यवतेश्वरचा घाट चालवलेल्या माणसाला वळणांची भीती वाटू नये. फक्त रीत वेगळी आहे. ठरावीक अंतरावर रस्त्याला पोट काढलंय, समोरून गाडी आली की तिथं थांबायचं. ती जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबायचं आणि समोरच्याला आत जाऊ द्यायचं. उजवीकडे कधीही घुसायचं नाही. हॉर्न वाजवायचा नाही, हात वर करायचा. आणि तिथं गाडी पार्क करून फोटो काढणाऱ्याला सगळा गाव शिव्या देतो, मनातल्या मनात.

होडी

बामणोलीहून वासोट्याला गेलेल्या माणसाला एल्गोलची होडी समजावून सांगावी लागत नाही. लाँच, पाणी, दोन्हीकडे डोंगर, मग पलीकडे उतरून चालणं, आणि "परत इतक्या वाजता या" असा दम. फरक इतकाच की शिवसागराचं पाणी धरणाचं, मुकाट्यानं पडून राहणारं. इथं खुला समुद्र आहे.

एल्गोलच्या धक्क्यावरून साधारण एप्रिल ते ऑक्टोबर होड्या सुटतात. जायला पाऊण तास लागतो. खाडीच्या आत शिरलं की वारा एकदम पडतो आणि खडकांवर सील पसरलेले दिसतात, दुपारच्या उन्हात ओट्यावर लवंडलेल्या म्हशींसारखे, मान तेवढी वर करून बघतात आणि पुन्हा टाकतात. उतरायला खडकात बसवलेल्या लोखंडी पायऱ्या आहेत. होडी वरखाली होत असते, खालचा माणूस हाताला धरतो आणि "आता" म्हटलं की पाय टाकायचा. ह्यांना गुडघ्याचा त्रास झाला तो एवढ्याच ठिकाणी. पुढे दहा-पंधरा मिनिटं खडकावरून चाललं की कोरूस्क.

या नावाचा अर्थ आम्हाला होडीवाल्यानं सांगितला. गेलिक भाषेत 'कोइर' म्हणजे मोठी कढई, काईल, आणि 'उइश्क' म्हणजे पाणी. गुऱ्हाळावर वाढलेल्या ह्यांनी ते ऐकलं आणि तिथंच बसकण मारली. खरोखरच काईल आहे. तीन बाजूंनी काळे काठ, वर धुराऐवजी ढग, तळाला तीनेक किलोमीटर लांब पाणी. तळ्यातून निघालेली नदी काही शे मीटर वाहून समुद्राला मिळते, एवढ्यात तिचा जन्म आणि संगम दोन्ही आटोपतं. टर्नर हा इंग्रज चित्रकार १८३१ साली इथं येऊन चित्र काढून गेला. मी आधी ते चित्र पाहिलं तेव्हा वाटलं, यानं डोंगर फारच वळवलेत. तिथं उभी राहिले आणि शब्द मागे घेतले.

नेहमीच्या फेरीत काठावर साधारण दीड तास मिळतो. तेवढ्यात तळ्याचं तोंड बघून होतं, काठाकाठानं थोडं चालून होतं, डबा होतो. आणि नेमकं मन रमायला लागतं तेव्हा घड्याळ बघावं लागतं. होडीचा खरा तोटा हाच.

दुसरा तोटा वाऱ्याचा. आमची पहिली फेरी रद्द झाली. आदल्या संध्याकाळी फोन आला, सकाळी वारा वाढणार, जमणार नाही. पैसे परत मिळाले, पण आमची मुक्कामाची खोली एकाच रात्रीची होती. आभाळ निळं होतं, ऊन पडलेलं होतं, आणि होडी नाही! पावसापेक्षा वाऱ्याकडे बघा, हे तिथलं पहिलं शहाणपण. होडी ठरवत असाल तर ती तीनांपैकी पहिल्या दिवशी ठेवा, म्हणजे हुकली तर दुसरा दिवस हाताशी राहतो.

पायवाट

कॅमासूनरीला जायचं तर एल्गोलच्या अलीकडे किलमारीला गाडी लावायची. तिथून चार किलोमीटरचा दगडी कच्चा रस्ता आहे. १९६८ साली लष्करानं केलेला, त्यामुळे रुंद आहे, चुकायला जागा नाही. आधी एक खिंड चढायची. उंची जेमतेम १९० मीटर. आपल्याकडे पहाटे अजिंक्यताऱ्याला फेरी मारणारे लोक खिंडीत चहा मागतील, इतकी सोपी.

खिंडीत आलं की एकदम सगळं उघडतं. खाली हिरवी जमीन, तिच्या काठाला समुद्राची वक्र रेघ, एक पांढरं घर, मागे कूलिनचे दात, उजवीकडे ब्लाव्हन डोंगराचा ९२८ मीटरचा भला मोठा खांदा. माणूस दिसला तर खडूच्या तुकड्याएवढा. खाली उतरल्यावर आम्ही तीन तास होतो आणि त्या तीन तासांत दोन जोडपी व एक कुत्रा एवढेच भेटले. कुणी बोलावणारं नाही, होडी सुटणार नाही, जूनमध्ये अंधारही रात्री साडेदहाच्या पुढेच पडतो. वेळ आपल्या मालकीचा असतो, हा पायवाटेचा मोठेपणा.

पण हिशेब नीट करा. गाडी लावतो ती जागा समुद्रापासून थोडी उंचावर आहे, खाडी मात्र समुद्राच्या पातळीला. म्हणजे जाताना जेवढं चढतो त्यापेक्षा परतताना जास्त चढायचं असतं, तेही पाय दमलेले आणि डबा पोटात गेलेला असताना. आपल्या किल्ल्यांची सवय उलटी आहे: आधी चढ, परतताना उतार. ह्यांचा गुडघा चढाला कुरकुरला नाही, पण खिंडीतून पुढच्या सुट्या दगडांच्या उतारानं बोलायला लागला. काठी न्या. दोन न्या.

खाडीत संडास नाही, टपरी नाही, फोनला रेंज नाही. एक बिनभाड्याचं निवारा-घर आहे, आत फळ्यांचे बाक, बाकी काही नाही. पाऊस आला तर तेवढा आडोसा. तिथला पाऊस महाबळेश्वरसारखा वरून कोसळत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि कानात शिरतो. छत्री गाडीतच ठेवा.

आता ते पेराएवढं अंतर. "तरणे चालत जातील, म्हातारे होडीनं, तिकडे भेटू", असा बेत मैत्रिणीच्या जावयानं केलाय. जावईबापूंना सांगा, नको. कॅमासूनरीच्या पश्चिम टोकाला नदी आहे आणि तिच्यावर पूल नाही. ओहोटीला, पाणी कमी असेल तेव्हाच ओलांडता येते. भरतीत किंवा पावसानंतर तिचा नाद सोडायचा. मी ओहोटीच्या भरवशावर काठावर उतरले, तिसऱ्या दगडावर पाय गेला आणि गुडघ्यापर्यंत भिजले. पाणी असं गार की पाय आहेत की नाहीत कळेना. परत आले, मोजे पिळले, गप्प बसले. नदीच्या पुढे किनाऱ्यानं गेलं तरी कोरूस्कच्या आधी समुद्रावर कललेली शिळा लागते, तिला इंग्रजीत 'वाईट पाऊल' अशाच अर्थाचं नाव आहे. फटीत बोटं आणि बुटांच्या कडा रोवून आडवं सरकायचं. लष्कराच्या त्याच १९६८ च्या कामात ती उडवायचा बेत होता, लोकांनी विरोध केला, राहिली. कड्यांवर रमणाऱ्यांनी होडीचं एकेरी तिकीट काढून तिथून चालत परत यावं, तसे जाणारे असतात. कुटुंबाच्या सहलीत हे नको.

एल्गोलहूनही किनाऱ्यानं एक पायवाट कॅमासूनरीला येते. नकाशावर सपाट दिसते. आहे मात्र तीव्र उताराच्या अंगावर कोरलेली, खाली थेट समुद्र. भोवळ येणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये. मला भोवळ येत नाही, तरी मी गेले नाही.

चिलटांचं दोन्हीकडे सारखंच. तिथं त्यांना मिज म्हणतात, जून ते ऑगस्ट जोर. वारा असेल तर नाहीत, वारा पडला की ढगानं येतात आणि चावतात. म्हणजे होडी सुटणारा शांत दिवस हाच चिलटांचाही दिवस. तोंडावरून घ्यायची जाळी चार-पाच पौंडांत मिळते, फोटोत वाईट दिसते, घ्या.

दोन्ही जमणार नसेल तर पश्चिमेला टॅलिस्करची खाडी आहे. सपाट दोन किलोमीटर चालणं, काळी आणि पांढुरकी वाळू एकमेकींत मिसळलेली, बाजूला बसाल्टचे कडे आणि कड्यावरून पडणारं पाणी. छान आहे. पण ओहोटीलाच जा, भरतीत वाळू बुडते आणि नुसते गोटे उरतात. आणि तो आपलाच कातळ आहे, ठोसेघर बघितलेल्या माणसानं त्यासाठी एवढ्या लांब जावं असं मला वाटत नाही.

तर मैत्रिणीसाठी: तू एकटी असतीस तर मी डोळे झाकून किलमारीला पाठवलं असतं. पण तुझ्याबरोबर तुझ्या सासूबाई आहेत, आणि त्या सज्जनगडाच्या पायऱ्या अजून चढतात म्हणून तू त्यांना धरून चाललीस. पायऱ्या आणि सुटे दगड यात फरक आहे गं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी होडी. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घे. सांगलीहून मागवलेलं भडंग नेऊ नकोस, त्या हवेत पुडी उघडी राहिली की सादळलीच. तिसऱ्या दिवशी सासूबाई आणि लेक ब्रॉडफर्डला थांबू देत, तू आणि जावई सकाळी आठला किलमारीला गाडी लावा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेव. नदी ओलांडायची नसली तरी बघ, कारण तिथं पोचल्यावर तुला ओलांडावीशी वाटणार आहे.