बीपी घरी मोजावं की दवाखान्यात?
दवाखान्यात आईचं बीपी कायम १५०च्या वर. जिना चढून आलेली, नंबरासाठी ताटकळलेली, त्यात समोर डॉक्टर, वाढणारच! घरी तेच १३०च्या आसपास. म्हणून माझा कल घरच्या मशीनकडे. फक्त पट्टा दंडाचा घ्या, मनगटाचा नको. अर्धा तास आधी चहा-तंबाखू बंद. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, हात छातीच्या उंचीला ठेवा, दोनदा मोजून वहीत लिहा. उच्च रक्तदाबाची रेघ दवाखान्यात १४०/९०, घरी १३५/८५.

तरी दवाखाना सुटत नाही. निदान आणि गोळ्या डॉक्टरांकडूनच, आणि सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला पैसे लागत नाहीत. घरचा आकडा उतरलेला बघून आईने एकदा परस्पर गोळी थांबवली होती. आठवड्याभरात वहीत पुन्हा १६०.