रिसेप्टरचा कॅल्शियम संदेश मोजायला फ्लुओ-४ की फुरा-२?

जीक्यू-जोडलेला रिसेप्टर (जीक्यू प्रथिनामार्फत संदेश आत पोचवणारा पेशीवरचा ग्राहक) जागा झाला की पेशीत कॅल्शियम उसळतं. फ्लुओ-४ आणि फुरा-२ हे कॅल्शियमला चिकटल्यावर चमक बदलणारे रंग (डाय). छत्रपती संभाजीनगर, नांदेडकडच्या लहान प्रयोगशाळांनी आधी फ्लुओ-४ घ्यावा: ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश नि नेहमीचा हिरवा फिल्टर पुरतो. पण पेशींत रंग कमी-जास्त भरला किंवा विटला, की आकडा फसवतो.

फुरा-२ आळीपाळीने ३४० आणि ३८० नॅनोमीटरवर मोजून गुणोत्तर देतो, म्हणून ही गफलत बरीच टळते. खरी सांद्रता हवी तर हाच. मात्र अतिनील प्रकाश जाऊ देणारी लेन्स लागते, ती महाग.

दोन्ही रंग पेशींत भरायला २ ते ५ मायक्रोमोलर, ३० मिनिटं, अंधारात. मे महिन्यात आपल्याकडे खोली तापली की रंग पेशीतल्या कप्प्यांत शिरतो, बाहेरही गळतो. एसी नसेल तर पहाटेच मोजा, गळती रोखायला २.५ मिलिमोलर प्रोबेनेसिड (रंग बाहेर टाकणारे पेशीचे वाहक अडवणारं औषध).