काँक्रीट कॅल्क्युलेटर अ‍ॅप वापरून बघितलं, ३.५ स्टार

जुळे सोलापूरला घरापुढं पार्किंगचं काँक्रीट टाकायचं होतं, २० बाय १० फूट, ४ इंच जाड. मिस्त्री म्हणाला २० पोती लागतील मालक, म्हटलं थांबा जरा, आणि फुकटचं अ‍ॅप घेतलं. एम२० ग्रेडचं काँक्रीट म्हणजे १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) टाकलं तर १५ पोती सिमेंट, ०.७९ घनमीटर वाळू, १.५९ घनमीटर खडी दाखवली. ओल्या मापाला (तयार काँक्रीटच्या) १.५४ नं गुणून कोरं माप (कालवायच्या आधीच्या मालाचं) धरतंय हे पण दिसतं, ते आवडलं.

पण ब्रास (१०० घनफूट) नाहीच ओ! इथं घनमीटरमध्ये कोण माल देतं? २.८३ नं भागत बसलो, वाळू ०.२८ आन् खडी ०.५६ ब्रास. शिवाय सुरुवातीला आपोआप १:२:४ धरलेलं असतं, मी ते बघितलंच नव्हतं, १२ पोती बघून आधी लई खूश झालेलो.

वेस्टेज पण धरत नाही, शेवटी १६ पोती गेली. मिस्त्री गालात हसला, पण ४ पोती वाचली की!

आकडा बरोबर असला तरी ट्रॉली मोजून घ्या, माझी अर्धा ब्रास म्हणून आलेली खडी टेप लावल्यावर ४२ घनफूट भरली, ५० पाहिजे होती. पाण्याचा हिशोब अ‍ॅपमध्ये नाही, आम्ही पोत्याला २५-२७ लिटरच धरलं. मिस्त्रीला पातळ माल पाहिजे होता, त्यानं जास्त पाणी ओतू नये म्हणून पाइप मीच हातात धरून उभा होतो उन्हात.