"वहिनी, सगळं कव्हर आहे"

यवतेश्वरचा घाट चढून पुढे कासच्या रस्त्याला आमचं एक लहानसं घर आहे. सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातून बांधलेलं. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. खाली दोन खोल्या, वर दोन, पुढे पडवी आणि पडवीत सागवानी झोपाळा. अण्णा गेले, आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. घर बंद राहून भिंतींना ओल धरायला लागली, तेव्हा 2022 पासून ते पर्यटकांना रोजाने द्यायला लागलो. पश्चिम घाटाबरोबर कासचं पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्यानंतर फुलांच्या दिवसांत या रस्त्यावर किती गाड्या लागतात ते सातारकरांना वेगळं सांगायला नको. रस्त्याकडेच्या बऱ्याच घरांवर आता 'होमस्टे'ची पाटी आहे. त्या सगळ्या घरांतल्या माणसांसाठी हे लिहिते आहे.

विमा घ्यायचं आमच्या डोक्यात आलं ते पावसामुळे. 2021 च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. तेव्हापासून डोंगरउतारावरचं घर म्हटलं की पोटात गोळा येतो. शिवाय माझ्या आईने 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप सोसलेला. तिचं एकच पालुपद, "घराचं काहीतरी करून ठेवा गं." ओळखीतून एक एजंट घरी आले. यांच्यापेक्षा वयाने लहान, अगदी अदबीने बोलणारे. मी त्यांना चहा देतानाच सांगितलं, की आम्ही घर पर्यटकांना देतो, ॲपवर टाकलंय. फोनवर पाटीचा फोटोही पाठवला. त्यावर त्यांचं उत्तर होतं, "वहिनी, सगळं कव्हर आहे. आग, भूकंप, दरड, पाण्याची टाकी फुटली तरी. घर 30 लाखांचं धरू, सामान आपोआप 6 लाखांचं धरलं जातं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तर मी फसले. 'भारत गृह रक्षा' ही 1 एप्रिल 2021 पासून सुरू झालेली प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात आग, वीज, वादळ, पूर, दरड, भूकंप, टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान, कुणी मुद्दाम केलेली मोडतोड हे सगळं आहे. घराच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, घरातलं सामान वेगळी यादी न देता धरलं जातं, हेही खरं. एजंटाने सांगितलं नाही ते एवढंच, की ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. पैसे घेऊन पाहुणे ठेवायच्या घरासाठी नाही.

अर्ज त्यांनीच भरला. मी खाली सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही.

आता मूळ प्रकार. 2024 चा सप्टेंबर, फुलं ऐन भरात. पुण्याच्या एका मुलाने ॲपवरून शुक्रवारच्या रात्रीचं बुकिंग केलं. चार माणसं, "फॅमिली आहे काकू, आईलाही आणतोय." शुक्रवारी खरोखरच चौघं आले. आईसुद्धा होती. त्यांनी पिठलं-भाकरी मागून घेतली, घर नीट ठेवलं. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. आईला परत पाठवतोय, आम्ही मित्र अजून एक रात्र राहतो. पुढे म्हणाला, "ॲपवर वाढवलं तर तुमचं कमिशन जाईल काकू, मी तुम्हाला थेट पाठवतो ना." दोन मिनिटांत फोनवर साडेसहा हजार जमा झाले. मला त्यात वावगं वाटलं नाही. कमिशन वाचलं, पैसे आगाऊ आले, आणि आदल्या रात्री माणसं चांगली वागलेली.

त्या रात्री तिथे चौदा-पंधरा जण होते. हे मला रविवारी कळलं. घराची झाडलोट करणाऱ्या मावशी खालच्या बाजूला राहतात. त्यांना रात्री दोनपर्यंत गाणी ऐकू येत होती. पाऊस होता, म्हणून त्या वर चढल्या नाहीत. सकाळी सहाला दार उघडलं तर आमच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. पावसाचं असेल असं आधी वाटलं. पण ते दाराखालून येत होतं.

गच्चीवर सोलरच्या सांगाड्याला दिव्यांच्या माळा बांधायला कुणीतरी वर चढलं होतं. त्यात टाकीतून येणारा पाइप सांध्यातून निखळला. बोअरची मोटर रात्रभर चालू राहिली. टाकी रिकामी होत होती, पुन्हा भरत होती, आणि सगळं पाणी जिन्याच्या दारातून वरच्या दोन खोल्यांत उतरत होतं. खालच्या खोलीचं पीओपी फुगून एका कोपऱ्यातून टीव्हीवर पडलं होतं. गाद्या इतक्या प्यायल्या होत्या की दोघांना उचलेनात. आणि पडवीत, पाऊस लागू नये म्हणून, कोळशाची शेगडी झोपाळ्याच्या फळीवर ठेवून त्यांनी मांस भाजलं होतं. फळीच्या मधोमध काळा गोल पडला. बोट फिरवलं तर कोळसा हाताला येतो आणि मधे अंगठा आत जाईल एवढा खड्डा लागतो. एका बाजूची पितळी कडी ताणून उघडली होती. अण्णा दर दिवाळीला चिंच लावून त्या कड्या स्वतः घासायचे. पैशांचं दुःख मी नंतर केलं, त्या सकाळी मी त्या फळीपाशी बसून रडले.

मुलाचा फोन बंद. मिक्सर आणि चार ब्लँकेटंही गेली होती.

ठेकेदाराकडून अंदाज काढला. छत आणि पीओपी 92 हजार, वायरिंग आणि इन्व्हर्टर 41 हजार, गाद्या आणि फर्निचर 68 हजार, टीव्ही 38 हजार, सोलरचं काम 9 हजार, रंग 36 हजार. एकूण 2 लाख 84 हजार. झोपाळा त्यात धरलाच नाही, त्याची किंमत काय लावणार?

आधी ॲपवाल्यांकडे गेलो. यजमानाच्या नुकसानीची भरपाई देतो असं ते मोठ्या अक्षरात सांगतात. त्यांची मुदत पाहुणा गेल्यापासून 14 दिवसांची होती, ती आम्ही पाळली. फोटो, बिलं, ठेकेदाराचा कागद सगळं दिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. तुमच्या नोंदीप्रमाणे पाहुण्याने शनिवारी सकाळी घर सोडलं, नुकसान त्यानंतरच्या रात्रीचं आहे, त्या रात्रीचं बुकिंग आमच्याकडे नाही. वाद घालायला जागाच नव्हती. ते साडेसहा हजार थेट घेतले त्याच क्षणी ही दोरी कापली गेली होती. आणि त्या मुलाला हे ठाऊक असणार असं मला आज ठामपणे वाटतं. एक रात्र ॲपवर, आईला बरोबर आणून ओळख करून घ्यायची, आणि जी रात्र खरी हवी आहे ती बाहेरून. आमच्या रस्त्यावर आणखी एका घरी अगदी हाच प्रकार झाला आहे, तिथे फक्त आईऐवजी बहीण होती.

पोलिसांचं थोडक्यात सांगते. सुरुवातीला अदखलपात्र नोंद झाली, "हे तुमचं आपसातलं आहे ताई" असंही ऐकलं. मग ओळखीच्या वकिलांनी भारतीय न्याय संहितेचं कलम 324 दाखवून दिलं. लाखाच्या किंवा त्यावरच्या नुकसानीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठेकेदाराचा अंदाज जोडून पुन्हा लेखी अर्ज दिला, तेव्हा हालचाल झाली. मुलाचे वडील येऊन 10 हजार देऊन गेले, बाकीचं "मित्रांकडून गोळा करून" द्यायचं आहे, ते अजून गोळा होतंय. माझ्याकडे फक्त बुकिंग करणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स होती. बाकीच्या तेरा-चौदाजणांची नावंसुद्धा नाहीत.

विम्याकडून मात्र मला पूर्ण आशा होती. पाइप यादीत होता, मोडतोड यादीत होती. सर्व्हेअर दुसऱ्याच दिवशी आले. भला माणूस होता, गच्चीवर भिजत उभं राहून प्रत्येक सांध्याचा फोटो काढला. चोरीबद्दल त्यांनी तिथेच समजावलं. या पॉलिसीत चोरी धरतात ती आग, पूर अशा एखाद्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली. आणि वेगळा घरफोडीचा विमा काढला तरी त्यात बहुतेक वेळा कुलूप तोडून, जबरदस्तीने घुसल्याची खूण लागते. किल्ली तुम्हीच हातात दिलेला माणूस मिक्सर घेऊन गेला तर ती घरफोडी होत नाही. मग वर गेल्यावर त्यांनी खोल्यांच्या दारावरचे आकडे बघितले, एक आणि दोन. जिन्यात लावलेली चेक-आउटच्या वेळेची पाटी बघितली. आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, हे घर तुम्ही राहता म्हणून दाखवलंय ना?"

तेव्हा मला काही कळलं नाही. क्लेम नाकारल्याचं पत्र आलं त्यात कळलं. जागेचा वापर व्यावसायिक, अर्जात दिलेली माहिती चुकीची. मी कंपनीकडे माझ्याच अर्जाची प्रत मागितली. ही प्रत मागायचा आपल्याला हक्क आहे, खरं तर पॉलिसीबरोबरच ती हातात यायला हवी. प्रत आली. घराचा वापर कशासाठी, या रकान्यापुढे एजंटाच्या तिरक्या अक्षरात 'स्वतःच्या राहण्यासाठी'. खाली भाड्याने दिले आहे काय, त्यापुढे 'नाही'. आणि तळाशी माझी सही, पूर्ण नावानिशी, सुंदर अक्षरात.

एजंटांना फोन केला. त्यांचं म्हणणं ऐका. "वहिनी, होमस्टे लिहिलं असतं तर दुसरी पॉलिसी लागली असती, हप्ता वाढला असता. तुमच्याच भल्यासाठी केलं." म्हणजे त्यांना माहीत होतं. दुसरी पॉलिसी असते, हे माहीत होतं. एका ठिकाणी 5 कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या लहान व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही 'गृह रक्षा'बरोबरच सुरू झालेली पॉलिसी आहे. पाहुणा जिन्यावरून घसरून पाय मोडला तर त्यासाठी पब्लिक लायबिलिटीचा विमा वेगळा. दोन्हींचा हप्ता मिळून माझ्या घराच्या फुलांच्या दिवसांतल्या एका रात्रीच्या भाड्याइतकाही होत नाही, हे मी आता काढून बघितलंय. त्या फरकासाठी या माणसाने मला खोट्या कागदावर सही करायला लावली. हप्ता जास्त सांगितला तर मी दुसरीकडे जाईन, एवढीच त्यांची भीती.

मी गप्प बसले नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी दिलं. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत. आपल्या भागाचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते नाकारल्याचं पत्र कपाटात ठेवून देतात. मी तिथे एकच गोष्ट पुढे केली. एजंटाला पाठवलेला पाटीचा फोटो आणि त्याखालचा त्यांचा "ओके वहिनी". त्या मेसेजची तारीख अर्जाच्या दोन दिवस आधीची होती. सही तुमचीच का, असं विचारलं गेलं. हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? शेवटी समझोत्यात कंपनीने 85 हजार देऊ केले आणि मी ते घेतले. 2 लाख 84 हजारांतले 85 हजार. तो एक मेसेज मी फोन बदलताना पुसला असता तर तेही मिळाले नसते.

आता एकही रात्र ॲपच्या बाहेर देत नाही, कितीही ओळख काढली तरी. पाहुणे येण्याआधी मावशी प्रत्येक खोलीचा, गच्चीचा, सोलरच्या सांध्याचा व्हिडिओ काढतात, त्यात त्या दिवसाचं वर्तमानपत्र दिसतं. गेल्यावर पुन्हा तसाच. प्रत्येक माणसाचं ओळखपत्र, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. मोटरला टायमर बसवला. नवी पॉलिसी घेताना अर्ज मी स्वतःच्या हाताने भरला आणि वापराच्या रकान्यात 'पर्यटकांना अल्पकाळ भाड्याने' असं लिहिलं.

गेल्या महिन्यात हे सगळं शेजारच्या दोन घरी सांगितलं. दोघांचे एजंट तेच. दोघांनीही अर्जाच्या प्रती मागवल्या, आणि परवा आम्ही तिघी त्या प्रती जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसलो. तिन्हींवर तीच तिरकी अक्षरं, तेच दोन शब्द, 'स्वतःच्या राहण्यासाठी'. एकीचं घर बंद जिन्याचं आहे, पाच खोल्यांचं, रस्त्यावरून पाटी दिसते. काल तिघींच्या सहीने कंपनीला एकच पत्र गेलं आहे. या वेळी सही करण्याआधी प्रत्येकीने ते मोठ्याने वाचून दाखवलं.