केसपेपरवर निदान रुग्णानेच लिहायचे: मुक्त सॉफ्टवेअरच्या बग ट्रॅकरांविषयी

‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे उमटवता येतो. एका प्रकारात खाली नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त आणि मग ‘या’ असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग ‘या’ असतो. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक पद्धतीला दोन्ही मान्य आहेत, आणि त्यांपैकी कोणता उमटेल हे टंकणाऱ्याच्या कीबोर्डवर ठरते. चार लेखकांनी वेगवेगळ्या यंत्रांवर लिहिलेल्या एका अंकाची मुद्रिते तपासताना, एका मुक्त मजकूर-संपादकाच्या ‘शोधा आणि बदला’ सोयीने निम्मेच ‘दुसऱ्या’ शोधून दिले, तेव्हा हे माझ्या ध्यानात आले. सॉफ्टवेअर फुकट वापरतो, तर त्यातला दोष निदान कळवावा, म्हणून मी त्या प्रकल्पाच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे दोषांच्या (बगांच्या) तक्रारी नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, गेलो. त्या प्रकल्पाचे नाव घेत नाही, कारण जे घडले ते एकट्या त्याच्या ट्रॅकरचे दुखणे नाही. त्यानंतर कामानिमित्त आणखी तीन ट्रॅकरांशी संबंध आला, आणि हे परीक्षण प्रोग्रामर नसलेल्या, पण मजकुराशी रोज झटणाऱ्या माणसाचे आहे.

पहिला ट्रॅकर बगझिलाच्या धाटणीचा होता. बगझिला हा ट्रॅकर १९९८ साली मोझिला या ब्राउझर-प्रकल्पाच्या कामासाठी तयार झाला आणि पुढे केडीई (लिनक्सवरचा डेस्कटॉप), लिनक्स कर्नेल (लिनक्सचा गाभा) अशा अनेक मुक्त प्रकल्पांनी तो स्वीकारला. खाते ईमेल पत्त्याने उघडावे लागते आणि तोच पत्ता इतर खातेदारांना दिसतो, हे खाते उघडून झाल्यावर कळते. नोंद करण्याआधी ‘हाच दोष आधी कोणी कळवला आहे का ते पाहा’ अशी सूचना येते. सूचना रास्त आहे, पण शोधायचे कोणत्या शब्दाने? मी ‘मराठी’, ‘देवनागरी’, ‘अर्धा र’ हे सारे इंग्रजीत टाकून पाहिले. जाणकार मंडळी या रकाराला इंग्रजीत पापणीची उपमा देऊन ‘आयलॅश रा’ म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा समजले. बाराखडी येणाऱ्या माणसाला आपल्याच अक्षराचे परके नाव ठाऊक नसते, आणि ट्रॅकरचा शोध त्या नावावाचून एक पाऊल पुढे जात नाही.

यानंतर मूळ अर्ज उघडला. उत्पादन, घटक, आवृत्ती, हार्डवेअर, कार्यप्रणाली, तीव्रता अशी रकान्यांची रांग त्यात होती, आणि ‘घटक’ या एका रकान्याच्या ड्रॉपडाउनमध्ये मोजून थकावे इतक्या नोंदी होत्या. माझा दोष फॉन्टचा आहे, अक्षरे जुळवणाऱ्या हार्फबझसारख्या संग्रहाचा आहे, की संपादकाच्या शोधयंत्रणेचा आहे, हे मी कुठून सांगणार? ते मला ठाऊक असते तर बहुधा मीच दुरुस्ती पाठवली असती. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतल्या बाईंनी ‘रोग कोणता आणि वॉर्ड कोणता ते तुम्हीच लिहा’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे. मी अंदाजाने ‘फॉन्ट’ निवडले, ते अर्थातच चुकले, आणि नोंद पुढचे काही आठवडे या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहिली.

उत्तर आले ते ‘वर्क्सफॉरमी’ असा शिक्का घेऊन, म्हणजे ‘माझ्याकडे तर चालते’. तपासणाऱ्या स्वयंसेवकाने माझ्या नोंदीतला शब्द उचलून नव्या फाईलमध्ये चिकटवला होता, तोच शब्द शोधाच्या चौकटीतही चिकटवला होता, आणि तो सापडला होता. न सापडून करतो काय, दोन्हीकडे एकच प्रकार होता! चूक त्याची नव्हती. माझ्या वाक्यात दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसत होते आणि फरक मी सांगितलाच नव्हता, कारण सांगायला हवा हेच मला सुचले नव्हते. मग मी दोनच शब्दांची एक नमुना फाईल केली, ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’, प्रत्येकाखाली त्यातल्या वर्णांचे युनिकोड क्रमांक लिहिले, आणि ती जोडली. ते क्रमांक शोधायला एक अख्खी संध्याकाळ गेली. त्यातही पहिल्या टिप्पणीत एक क्रमांक चुकला, आणि मूळ बगझिलात एकदा टाकलेली टिप्पणी सामान्य खातेदाराला दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे ‘वरच्या टिप्पणीतली चूक अशी वाचावी’ अशी दुसरी टिप्पणी खाली कायमची बसली आहे. एवढे झाल्यावर नोंद ‘डुप्लिकेट’ ठरली. तोच दोष काही वर्षांपूर्वी कोणी तरी कळवला होता. त्याच्या शीर्षकात ना मराठी होते, ना देवनागरी, नुसते क्रमांक होते.

हे केवळ माझे नशीब म्हणता येत नाही. अपाचे, एक्लिप्स आणि मोझिला या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांतले विकासक आणि दोष कळवणारे लोक यांची पाहणी करून २००८ साली एक अभ्यास झाला होता. दोष पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, स्टॅक ट्रेस (बिघडण्याच्या क्षणी प्रोग्राम कोणकोणत्या टप्प्यांतून आला होता त्याची यादी) आणि चाचणीचे नमुने या गोष्टी विकासकांना सर्वांत उपयोगी वाटतात, आणि कळवणाऱ्यांना नेमक्या त्याच देणे सर्वांत अवघड जाते, असे त्यात आढळले. ट्रॅकरने मदत करायला हवी ती नेमकी इथे. पण बहुतेक अर्ज हार्डवेअर आणि तीव्रता विचारण्यात शक्ती घालवतात, आणि खरे काम ‘वर्णन’ नावाच्या एका रिकाम्या चौकटीवर सोडून देतात.

दुसरा अनुभव डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या कार्यप्रणालीचा. तिथे दोष कळवायला वेबपानावर अर्जच नाही; ईमेल पाठवावा लागतो, आणि त्याच्या मजकुराच्या आरंभी पॅकेजचे, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याचे, नाव आणि आवृत्ती ठरावीक साच्यात लिहावी लागते. ऐकताना हे टपालखात्याच्या जमान्यातले वाटते, पण मला ते अनपेक्षितरीत्या आवडले. वेगळे खाते नाही, पासवर्ड नाही, आणि ‘रिपोर्टबग’ हा प्रोग्राम वापरला तर आवृत्त्यांची आणि अवलंबित पॅकेजांची माहिती तो आपणहून भरतो. मात्र पाठवलेले पत्र ईमेल पत्त्यासकट कायमचे सार्वजनिक होते, याची तयारी ठेवावी लागते.

उबंटू या आणखी एका लिनक्स कार्यप्रणालीच्या लाँचपॅड या ट्रॅकरमध्ये दोन गोष्टी मनापासून पटल्या. ‘हा दोष मलाही जाणवतो’ असे एका कळीवर नोंदवता येते, त्यामुळे ‘मलाही, मलाही’ अशा टिप्पण्यांची रास साचत नाही. आणि एकच दोष दुसऱ्या प्रकल्पालाही लागू असल्याचे तिथेच जोडून दाखवता येते. माझा रकार फॉन्टापासून शोधयंत्रणेपर्यंत फिरत होता, तेव्हा अशी एक सोय हाताशी असती तर निम्मा पत्रव्यवहार वाचला असता.

अनेक प्रकल्प आपला कोड आणि ट्रॅकर जिथे ठेवतात ते गिटहब हे संकेतस्थळ सर्वांत सोपे, हे मान्य करायला हवे. एका खात्यावर असंख्य प्रकल्प, शीर्षक आणि मजकूर एवढ्याच चौकटी, चित्र ओढून सोडले की जोडले जाते, आणि आपली टिप्पणी आपल्याला दुरुस्त करता येते. हा सोपेपणा दुसऱ्या बाजूच्या अंगावर येतो. जानेवारी २०१६ मध्ये अनेक प्रकल्पांच्या सांभाळकर्त्यांनी गिटहबला उद्देशून खुले पत्र लिहिले, त्यात तक्रार हीच होती की नोंदींमध्ये आवृत्ती नसते, पायऱ्या नसतात, आणि नुसत्या ‘प्लस वन’च्या (म्हणजे ‘मलाही’च्या) टिप्पण्यांचा पूर येतो. त्यानंतर त्याच वर्षी नोंदींचे साचे आणि अंगठ्यासारख्या प्रतिक्रिया आल्या. साचा चांगला लिहिलेला असेल तर तो माझ्यासारख्याचा हात धरून नेतो. आळसाने लिहिलेला साचा मात्र सरळ वाक्ये खोडून त्यात ‘लागू नाही’ लिहीत बसायला लावतो. शिवाय काही प्रकल्प ठरावीक दिवस हालचाल न झालेल्या नोंदी बॉटकरवी (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामकरवी) बंद करतात. दोष जिथल्या तिथे असताना केवळ कोणी बोलले नाही म्हणून फाईल बंद व्हावी, हे मला बगझिलाच्या साऱ्या रकान्यांपेक्षा जास्त खटकते. बगझिलातली नोंद वर्षानुवर्षे पडून राहील, पण ती उघडी राहते, आणि लॉगिन न करताही कोणालाही वाचता येते.

कोणाला पहिलाच दोष कळवायचा असेल, तर मी गिटहबवरच्या किंवा तशाच गिटलॅब या संकेतस्थळावरच्या प्रकल्पापासून सुरुवात करायला सांगेन. डेबियन वापरत असाल तर ‘रिपोर्टबग’ वापरा. आणि बगझिलाकडे वळण्यापूर्वी नमुना फाईल तयार ठेवा, घटकाच्या रकान्यात काहीही निवडा आणि ते चुकल्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. देवनागरीचा दोष असेल तर अक्षरांचे युनिकोड क्रमांक पहिल्याच टिप्पणीत द्या, आणि शीर्षकात भाषेचे नाव अवश्य लिहा, म्हणजे पुढच्याला ती नोंद सापडेल.

माझी नोंद ज्या जुन्या नोंदीत विलीन झाली, ती अजून उघडीच आहे. गेल्या महिन्यात ट्रॅकरचा ईमेल आला तेव्हा मी घाईने उघडला. कोणी तरी स्वतःला सीसीच्या यादीत, म्हणजे नोंदीतल्या बदलांची ईमेलने प्रत मिळणाऱ्यांत, जोडून घेतले होते, बाकी काही नाही. तोवर मुद्रिते तपासताना मी ‘दुसऱ्या’ दोनदा शोधतो, एकदा नुक्त्याचा आणि एकदा साध्या र-चा.