अडेनोसिन इंजेक्शन (६ मिग्रॅ./२ मिली): औषध उत्तम, पण हात चपळ हवा

एसव्हीटीत (हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी अतिवेगवान धडधड) मिनिटाला १८०-२०० ठोक्यांच्या वेगाने धावणारं हृदय ताळ्यावर आणायला यासारखं औषध नाही. एव्ही नोडमधल्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे विद्युतसंदेश नेणारी गाठ) ए१ रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या ग्राहकावर, बसून ते विद्युतवहन क्षणभर थोपवतं. मॉनिटरवरची रेघ काही सेकंद सपाट होते आणि मग नेहमीची लय उमटते. रक्तात अर्धायुष्य (औषध निम्मं उरायला लागणारा वेळ) १० सेकंदांहूनही कमी. त्यामुळे गुण आला नाही तर बहुधा चूक औषधाची नसते, देण्याची असते. हाताच्या पंजावरच्या बारीक सुईतून हळू दिलं, तर ते हृदयापर्यंत पोचायच्या आत संपतं. कोपराच्या शिरेत १८ किंवा २० नंबरची कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी), थ्री-वे (तीन तोंडांची जोडणी), ६ मिग्रॅ. झटक्यात, पाठोपाठ २० मिली सलाइन, लगेच रुग्णाचा हात वर. दोन मिनिटांत फरक नाही तर १२ मिग्रॅ. थिओफायलिन (दम्याचं औषध) किंवा भरपूर कॉफी घेतलेल्यांत रिसेप्टर आधीच अडलेले असतात, डोस कमी पडतो. डायपिरिडामोल (अडेनोसिनचा परिणाम वाढवणारं औषध) चालू असेल तर सुरुवातीला ३ मिग्रॅ. पुरे. दम्याच्या रुग्णाला टाळाच. डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) शेजारी हवा. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटेल, काही सेकंदांत जाईल, हे रुग्णाला आधी सांगा. न सांगता देणं फार क्रूर आहे. आणि व्हायल (औषधाच्या कुप्या) फ्रिजमध्ये ठेवू नका, स्फटिक धरतात.