पैदाशीचा बोकड बदलून देणारी सेवा : दोन वर्षांच्या वापरानंतर

नेर तालुक्यातील आमच्या कोठ्यात चौतीस बकऱ्या आहेत. दोन वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील एका खासगी शेळीफार्मकडून मी त्यांच्यासाठी पैदाशीचा बोकड घेतला. या फार्मची पद्धत अशी की, १६,००० रुपयांत चौदा महिन्यांचा बेरारी बोकड वंशावळीच्या कार्डासह मिळतो आणि अठरा महिन्यांनी तो सुस्थितीत परत केल्यास २,५०० रुपये व गाडीभाडे घेऊन दुसरा बोकड दिला जातो. त्यांच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘रोगप्रतिकारक जनुकांचा बोकड’ असे छापले आहे. सेवा उपयोगाची आहे. मात्र ती ज्या कारणासाठी उपयोगाची आहे त्याचा पत्रकात उल्लेख नाही आणि पत्रकात जे छापले आहे त्यात फारसे तथ्य नाही.

आधी बोकडाविषयी. बेरारी ही आपल्या वऱ्हाडाचीच जात असून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे तिची स्वतंत्र नोंद आहे. आलेला बोकड तांबूस-तपकिरी अंगाचा, खुरांनी मजबूत आणि उन्हाला न कचरणारा होता. तुरीच्या कुटारावर व बाभळीच्या शेंगांवर तो लगेच रुळला. कार्डावर त्याच्या आईवडिलांचे व दोन्हीकडच्या आजीआजोबांचे बिल्ला क्रमांक, आईने जुळी दिल्याची नोंद आणि जन्मतारीख होती. बाजारातून आणलेल्या बोकडाबरोबर यांपैकी काहीही मिळत नाही. आपल्याकडे तर कळपातला सर्वांत उमदा बोकड बकरी ईदच्या बाजारात चढ्या भावाने जातो आणि विकला न गेलेला मागे राहून पैदाशीला लागतो. निवड होतेच, फक्त उलट्या दिशेने होते. त्यामुळे मुद्दाम पैदाशीसाठी राखलेल्या बोकडाचे सोळा हजार मला महाग वाटले नाहीत.

आता ‘रोगप्रतिकारक जनुकां’विषयी. मी अहवाल मागितला तेव्हा फार्मचालकांनी कोणताही प्रयोगशाळेचा कागद दाखवला नाही. ‘आमच्याकडचे बोकड आजारी पडत नाहीत’ एवढेच उत्तर मिळाले. पण अहवाल असता तरी त्यावरून एखाद्या बोकडाला असे प्रशस्तिपत्र देता आले नसते, आणि त्याचे कारण या जनुकांच्या कामातच आहे. शेळीच्या गुणसूत्रांच्या ३० जोड्यांपैकी २३व्या जोडीवर ऊतक-सुसंगती जनुकांचा समूह असतो. शास्त्रज्ञ त्याला एमएचसी म्हणतात. या जनुकांपासून बनणारी प्रथिने पेशीच्या आतील प्रथिनांचे, आणि जंतू शिरला असल्यास जंतूच्याही प्रथिनांचे, बारीक तुकडे धरून पेशीच्या पृष्ठभागावर मांडतात, व टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशी त्यांची तपासणी करतात. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर गाडीतला मूठभर कापूस हातात घेऊन साऱ्या गाडीची प्रत ठरवतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, येथे नमुना पेशीच पुढे करते आणि तिच्या मुठीत जो तुकडा बसतच नाही, तो तपासणाऱ्याला कधी दिसत नाही. एमएचसीच्या प्रत्येक प्रकाराची तुकडा धरण्याची खाच वेगळी असते आणि तिच्यात वेगवेगळे तुकडे बसतात. या समूहातील डीआरबी जनुकाचे तर शेळ्यांमध्ये पुष्कळ प्रकार आढळतात, आणि हे वैविध्य मुख्यतः तुकडा धरणाऱ्या खाचेतच एकवटलेले असते.

म्हणूनच एका रोगावर सरस ठरलेला प्रकार दुसऱ्या रोगावर निरुपयोगी ठरू शकतो. ज्या बकरीला आईकडून एक आणि बापाकडून दुसरा असे दोन वेगळे प्रकार मिळाले, ती दोन्ही प्रकारच्या खाचा वापरते. दोन्हीकडून सारखाच प्रकार आला, तर तिची मूठ निम्मी झाली असे समजावे. एका जनुकातील एका बदलाने रोग अडतो असे उदाहरण शेळ्यांमध्ये नाहीच असे नाही. स्क्रेपी या मेंदूच्या रोगाबाबत प्रायॉन या मेंदूतल्या प्रथिनातील १४६व्या आणि २२२व्या स्थानांवरचे बदल संरक्षण देतात. परंतु स्क्रेपी हा जंतूंमुळे होणारा रोग नव्हे, आणि आपल्या कोठ्यातल्या पीपीआर (शेळ्यांचा विषाणुजन्य साथरोग), आंत्रविषार (आतड्यातील जंतूंच्या विषाने होणारा रोग) किंवा जंतांच्या उपद्रवाला तो नियम लावता येत नाही. जंतांसंबंधी २०२० मध्ये एक रंजक संशोधन प्रसिद्ध झाले. पोटातील श्लेष्म-अस्तराशी संबंधित एमयूसी६ या जनुकाचा, जंतांपासून संरक्षणाशी जोडला गेलेला एक प्रकार पाळीव शेळ्यांमध्ये पश्चिम कॉकेशसमधील रानशेळीच्या जवळच्या प्रजातीकडून प्राचीन काळी संकरातून आला, असे त्यात दिसून आले. आज तो जवळजवळ सर्वच पाळीव शेळ्यांमध्ये आहे. तो फार्मच्या बोकडात असेल, तसा आमच्या गावच्या देवळापुढे सोडलेल्या बोकडातही असणार. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागू नयेत.

मग या सेवेत पैसे देण्यासारखे काय आहे? वंशावळीचे कार्ड आणि अदलाबदल. एका बोकडाजवळ एमएचसी समूहाच्या दोनच प्रती असतात आणि त्याचे प्रत्येक करडू त्यांपैकी एक घेऊन जन्मते. बोकड कितीही दणकट असो, सगळ्या कळपाला तो दोनाहून अधिक प्रकार देऊ शकत नाही. तोच बोकड पुढे स्वतःच्या पाठींवर, म्हणजे तरुण लेकींवर, चढला, तर होणाऱ्या करडांपैकी सरासरी चारांत एकाला त्याचीच एक प्रत दोन्ही बाजूंनी मिळते. घरचाच बोकड चार-पाच वर्षे चालवण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. वैविध्य एका जनावरात साठवून आणता येत नाही, ते कळपात राखावे लागते; आणि वेळेवर नवे रक्त येणे हाच त्याचा व्यवहार्य मार्ग आहे.

येथेच माझी मुख्य तक्रार आहे. अठरा महिन्यांनी बदली बोकड आला, तेव्हा त्याच्या कार्डावर बापाचा बिल्ला क्रमांक पहिल्याच्या बापाचाच होता. म्हणजे सावत्र भाऊ पाठवला होता. या बोकडापासून पहिल्याच्या पाठींना होणाऱ्या करडांपैकी सोळांत एकाला दोन्हीकडून एकच प्रत मिळाली असती. चारांत एकापेक्षा हे पुष्कळ बरे, पण बदलीचे पैसे घेतल्यावर हा आकडा शून्याजवळ असायला हवा. मी कार्डे समोरासमोर ठेवून दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता चूक मान्य केली, मात्र दुसरा बोकड यायला चाळीस दिवस लागले आणि तेवढ्या काळात बऱ्याच बकऱ्यांचा माज वाया गेला. नोंदवही ठेवणाऱ्यालाच ती उघडून पाहायची सवय नसेल, तर वही असून नसल्यासारखी होते.

दुसरा आक्षेप मुदतीचा. बकरी पाच महिन्यांनी विते आणि पाठ आठ-नऊ महिन्यांत माजावर येऊ शकते; म्हणजे बोकड आल्यापासून चौदाव्या महिन्यातच बाप-लेकींचा प्रश्न उभा राहतो. अठराव्या महिन्यापर्यंत मला पाठी वेगळ्या बांधाव्या लागल्या आणि चराईसाठी निराळा माणूस ठेवावा लागला. मुदत पंधरा महिन्यांची केल्यास ही कटकट फारशी राहणार नाही.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. परत आलेले बोकड आणि नवे बोकड एकाच गाडीतून फिरतात. ब्रुसेलोसिस या गर्भपात घडवणाऱ्या रोगाची तपासणी केल्याचा कागद दोन्ही वेळा मिळाला नाही, आणि हा रोग माणसालाही होतो. मी दोन्ही बोकड एकवीस दिवस वेगळे बांधले व स्वखर्चाने रक्त तपासून घेतले. पीपीआरची लस दिल्याची तारीख मात्र कार्डावर होती. एकदा दिलेल्या या लसीचे संरक्षण साधारण तीन वर्षे टिकते. पत्रक वाचून ‘जनुकांचा बोकड आहे, लस कशाला’ असे म्हणणारे एक शेजारी मला भेटले, म्हणून लिहितो : लसीतला जंतूसुद्धा बकरीच्या शरीराला याच खाचांमधून ओळखावा लागतो, जनुके लसीची जागा घेत नाहीत.

पहिल्या बोकडाची करडे आधीच्या करडांपेक्षा पावसाळ्यात कमी दगावली. पण त्याच वर्षी मी लाकडी मचाण बांधले आणि जंतनाशकाचे वेळापत्रकही पाळले, त्यामुळे श्रेय बोकडाला किती द्यावे हे सांगता येत नाही. फार्मवाले ते सगळे श्रेय स्वतःकडे घेतात, हेही नोंदवून ठेवतो.

पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण सावत्र भावाबद्दल आणि ब्रुसेलोसिसच्या कागदाबद्दल कापला आहे. पंधरा-वीस बकऱ्यांहून मोठा कळप असणाऱ्यांना ही सेवा परवडते. चार-पाच बकऱ्या असणाऱ्यांनी दोन गावे सोडून एखाद्या ओळखीच्याशी बोकडाची अदलाबदल केली, तरी हाच लाभ फुकट मिळेल. तिसऱ्या बोकडाची मागणी मी नोंदवली आहे आणि या वेळी आधीच्या दोघांच्या आईबापांचे बिल्ला क्रमांक मागणीपत्रावरच लिहून दिले आहेत.